केरोबानं लावलेले थर

टेंभुरवाडीत भोळी माणसं तीन होती. त्यातला एक वारला. एक शहरात जाऊन शहाणा झाला. उरला केरोबा.

केरोबाचा दोष एकच. तो सांगितलेलं ऐकायचा. नवरा ऐकत नाही म्हणून गावातल्या बाकीच्या बायका रडायच्या, केरोबाची बायको गोदावरी तो ऐकतो म्हणून रडायची. आणि एकदा शिकलेलं तो विसरत नसे. काही नवं कळलं की खांद्यावरच्या पंच्याला गाठ मारायचा. पंचा पाच हाती होता, गाठी मारून मारून तीन हाती झाला होता.

त्या वर्षी भाऊबीजेला गोदावरीनं दोन्ही भावांना एकाच वेळी बोलावलं. हे धाडसच होतं. थोरला सावळाराम आणि धाकटा रंगनाथ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एका लग्नात मानाचा फेटा आधी धाकट्याच्या डोक्याला बांधला गेला, एवढंच झालं होतं. तेव्हापासून भाऊबीजेला एक सकाळी यायचा, एक संध्याकाळी. मधल्या वेळात, सकाळच्या भावाबरोबर आलेली त्यांची म्हातारी आई गोदावरीच्या दारात बसून रस्ता बघायची.

आता दोघं एका पंगतीला बसायचे तर गोड काय करायचं? थोरल्याला गुलाबजाम लागायचा, धाकट्याला श्रीखंड. एक केलं तर दुसरा ताटावरून उठणार. गोदावरीनं चार रात्री विचार केला, मग मोबाइलवर एक प्रकार पाहिला. मोठा काचेचा वाडगा. खाली केक, त्यावर गुलाबजाम, त्यावर रबडी, त्यावर श्रीखंड, वरून पिस्ते. बाहेरून सगळे थर दिसतात. एकाच वाडग्यात दोघांचं.

"अहो," ती आदल्या दिवशी म्हणाली, "मला एकटीला उरकायचं नाही. जरा मदत करा."

केरोबानं पंचा सावरला. "सांग."

"हे दही फडक्यात बांधा आणि खुंटीला टांगा. पाणी गळून गेलं पाहिजे."

केरोबानं टांगलं. संध्याकाळी घट्ट, लोण्यासारखा चक्का झाला. गोदावरी खूश झाली. "बघा, ऐकलं की कसं नीट होतं." केरोबानं पंच्याला गाठ मारली. पांढरं असलं की टांगायचं.

मग ती शेजारी वेलची आणायला गेली. जाताना म्हणाली, "तेवढं दोन लिटर दूधही बघा."

परत आली तर पातेलं रिकामं.

"दूध कुठंय?"

"टांगलंय. दह्यापेक्षा लवकर गळलं."

खुंटीला ओलं फडकं होतं. खाली मांजर होतं. ते मांजर पुढं दोन दिवस कुणाच्याच घरी गेलं नाही, त्याची गरज संपली होती.

"अहो, दूध टांगतात का!" गोदावरीनं कपाळाला हात लावला. "दूध मंद आचेवर ठेवतात. ढवळतात. निम्मं होईस्तोवर आटवतात. तेव्हा कुठं रबडी होते!"

"हां," केरोबा म्हणाला, आणि गाठ मारली.

भाऊबीज उजाडली. गावात दूध मिळेना. गोदावरी म्हणाली, "रबडी राहू दे. त्याजागी आइस्क्रीम घालते. दुकानातून एक मोठा डबा आणा, आणि मी गुलाबजाम तळतेय तोवर बघा त्याच्याकडं."

केरोबानं डबा आणला, उघडून पाहिला. आत पांढरं होतं, आणि दुधाचं होतं. काल हीच चूक झाली होती. आज होणार नव्हती. त्यानं परसातली चूल पेटवली.

तासाभरानं तो स्वयंपाकघरात डोकावला. "गोदे, आइस्क्रीम निम्मं झालंय. अजून आटवू?"

गोदावरी धावत परसात गेली. पातेल्यात बोट बुडवून चाखलं. पुन्हा चाखलं. रबडी झाली होती. व्हॅनिलाची, पण रबडी. रडावं की हसावं तिला कळेना. कामं पडली होती म्हणून तिनं दोन्ही केलं नाही.

"अहो, असली वस्तू आणली की थेट बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. दगड होईस्तोवर हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं." गाठ.

"आता तेवढे गुलाबजाम पाकासकट उचलून ठेवा. मी केळीची पानं पुसते."

तुम्हाला कळलं असेल त्यानं कुठं ठेवले. गोदावरीला दहा वाजता कळलं. तिनं एक गुलाबजाम काढून ओट्यावर आपटला. गुलाबजामला काही झालं नाही. ओट्याचा कोपरा उडाला.

"अजून व्हायचेत का?" केरोबानं काळजीनं विचारलं. "तू दगड म्हणाली होतीस."

"अहो, मऊ वस्तू आहे ती!" गोदावरीचा आवाज फाटला. "मऊ वस्तू उबेत ठेवावी. एक वेळ गोधडीत गुंडाळून करकचून बांधावी, पण बर्फात घालू नये!"

केरोबानं गाठ मारली. पंचा आता खांद्यावर राहीना, म्हणून त्यानं तो गळ्यात घातला. गोदावरीनं गुलाबजाम गरम पाकात सोडले आणि देवाला हात जोडले. त्याला सायकलवर बेकरीत पिटाळलं. केक सांगून ठेवला होता.

बेकरीवाल्यानं केक खोक्यात घालून दिला. चार बोटं उंच आणि कापसासारखा मऊ. केरोबानं बोट लावून पाहिलं आणि बेकरीवाल्याला विचारलं, "गोधडी आहे का?"

गोधडी मिळाली. दोरीही मिळाली. केरोबानं केक गुंडाळला, कॅरिअरला बांधला, गुडघा रोवून दोरी आवळली. घरी आला तेव्हा चार बोटांचा केक एक बोट झाला होता आणि त्यावर गोधडीची टाके घातलेली नक्षी उमटली होती.

या वेळी गोदावरी ओरडली नाही. खाली बसली. घड्याळात साडेअकरा झाले होते, पाहुणे साडेबाराला येणार होते.

"इकडं या," ती अगदी हळू म्हणाली. "माझ्यासमोर करा. असली गोष्ट दाबायची नसते, थर लावायचे असतात. जड असेल ते खाली, हलकं वर. एकावर एक. बाहेरून सगळे दिसले पाहिजेत. एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. वरून पिस्ते. मग बंद करून ठेवायचं आणि एक तास उघडायचं नाही. काहीही झालं तरी नाही. सेट व्हायला तेवढा वेळ लागतो."

केरोबानं तिच्यासमोर वाडगा भरला. केक खाली बरोब्बर बसला, दबलेला होता म्हणून. त्यावर गुलाबजाम. त्यावर ती रबडी. त्यावर श्रीखंड. गोदावरी बघत राहिली. वाडगा मोबाइलमधल्यापेक्षा देखणा झाला होता.

"जमलं हो तुम्हाला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

केरोबानं आयुष्यातली सगळ्यात मोठी गाठ मारली.

वाडगा पुढच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये गेला. गोदावरी अंघोळीला आणि लुगडं नेसायला मागं गेली. जाता जाता म्हणाली, "ते आले तर नीट बसवा सगळ्यांना. माझ्या भावांचं काही बिनसता कामा नये आज."

ते आले. पाचही एकदम, कारण वेशीवर एसटी एकच थांबते. सावळाराम आणि त्याची बायको नलू. रंगनाथ आणि त्याची बायको कुसुम. आणि म्हातारी आई, सुपारीच्या झाडासारखी सडसडीत. दोघे भाऊ मात्र अंगानं भरभक्कम. दोघं एकमेकांकडं पाठ करून उभे राहिले.

नीट बसवायचं म्हणजे कसं? केरोबानं खोली पाहिली. खोली लहान. जमीन, त्यावर खाट, त्यावर तीन पायऱ्यांच्या शिडीचा पोटमाळा. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"थोरले मेहुणे, तुम्ही खाली. धाकटे मेहुणे, तुम्हीही खालीच, त्यांना खेटून. जड खाली."

एरवी दोघांनी थयथयाट केला असता. पण जो आधी बोलेल तो हरला, असं दोघांनी मनात धरलं होतं. म्हणून दोघं खाट आणि कपाट यांच्या मधल्या फटीत मुकाट्यानं बसले. मांडीला मांडी लागली.

"वहिनी, तुम्ही दोघी खाटेवर. सासूबाई, तुम्ही सगळ्यात हलक्या. तुम्ही माळ्यावर."

"मी? माळ्यावर?" म्हातारी म्हणाली. मग तिनं खाली पाहिलं. दोन्ही मुलगे एका जागी, मांडीला मांडी लावून. दोन वर्षांत तिनं हे पाहिलं नव्हतं. वरून आणखी नीट दिसलं असतं. ती चढली.

केरोबानं दारातून पाहिलं. सगळे थर दिसत होते. मग शिडीवर चढून त्यानं मूठभर पिस्ते म्हातारीच्या डोक्यावर भुरभुरवले. म्हातारीनं दोन वेचून खाल्ले. केरोबा उतरला. त्यानं रस्त्याकडच्या दाराला बाहेरून कडी घातली, वळसा घालून मागनं स्वयंपाकघरात आला, मधल्या दारालाही कडी घातली आणि घड्याळ घेऊन पाटावर बसला.

पाऊण तासानं गोदावरी नथ घालून आली.

"आले का हो?"

"आले."

"कुठंयत?"

"सेट होतायत," केरोबा म्हणाला. "पंधरा मिनिटं राहिली."

गोदावरीनं मधलं दार पाहिलं. कडी पाहिली. नवऱ्याकडं पाहिलं. ती कडीला हात घालणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"रंग्या, सरक की जरा. माझा पाय मेलाय."

"कुठं सरकू दादा? कपाटात?"

मग कुणीतरी फसकन हसलं. मग दोघंही. गोदावरीचा हात कडीवर तसाच राहिला. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि उभी राहिली. केरोबाला बरं वाटलं. बायको पहिल्यांदाच आपल्या घड्याळावर विश्वास ठेवत होती.

तास भरला. कडी काढली.

आत फ्रीज उघडा होता. प्रवासात भूक लागलेली, दारं बंद, दुसरं करणार काय? काचेचा वाडगा जमिनीवर मध्यात होता आणि पाचही जण त्याच्याभोवती. चमचे नव्हते. सावळारामच्या मिशीला श्रीखंड लागलं होतं, रंगनाथच्या कोपरापर्यंत पाक. म्हातारी मधोमध बसली होती आणि दोन्हीकडून भरवून घेत होती.

"वन्सं," नलू बोटं चाटत म्हणाली, "ही रबडी कशी हो केलीत? असला वास आमच्या रबडीला कधी आला नाही."

"ती होय," केरोबानं तोंड उघडलं. गोदावरीनं त्याच्या पायावर पाय दिला.

"शेवटचा गुलाबजाम दादाला," रंगनाथ म्हणाला.

"धाकट्याला द्या," सावळाराम म्हणाला.

गोदावरी उंबऱ्यातच रडायला लागली, आणि ती का रडतेय हे केरोबाला लगेच कळलं. खाटेवरचे खाली आले होते. माळ्यावरची मधे आली होती. जड कोण, हलकं कोण, काही ओळखू येत नव्हतं. पिस्ते तर सगळीकडं. त्याचा चेहरा पडला. तासभर राखण करूनही असं झालं होतं.

"रडू नको गोदे," तो म्हणाला. "सगळे मिसळलेत खरे, पण मी अजून आहे." आणि पंचा सावरत तो शिडीकडं वळला.

"सासूबाई, उठा. चढा परत."