पोफळवण्याचा मोकळा सडा

गाडी इथंच वडाखाली लावा, सड्यावर नको. एवढं कातळाचं मैदान मोकळं पडलंय आणि हा म्हातारा आडवा येतोय, असं मनात म्हणताय ना? म्हणा. तुमच्याआधी पुष्कळांनी म्हणून झालंय. या पोफळवण्याच्या सड्यावर आम्ही साधी गवताची गंजी रचत नाही. देवीची पालखीसुद्धा कडेनं वळसा घालून जाते.

हे सगळं भालू साळव्यामुळे. भालू सगुणाबाईंचा एकुलता एक मुलगा, लढाऊ विमान चालवायचा. लग्नाला मुली बघणं चाललं होतं. एकदा तो गावावरून विमान घेऊन गेला आणि जाताना पंख झुलवले, म्हणे. गाव धापा टाकत सड्यावर पोचेपर्यंत तो दिसेनासाही झाला होता. "माझ्या पोराला मी दिसलेच नाय," म्हणून सगुणाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हा गावानं ठरवलं, पुन्हा आला तर चुकवायचं नाही.

पुढं युद्ध लागलं. एका सकाळी तोच आवाज आला. पंख हलताना दिसले आणि कुणीतरी ओरडलं, "भालू आलाय गो! पळा वरती!"

या खेपेला गाव चुकलं नाही. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, सगळ्यांनी सडा भरून गेला. मधोमध सगुणाबाई, ओवाळून टाकायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. विमान इतकं खाली आलं की बायकांचे पदर उडाले. लोकांनी टाळ्या पिटल्या. ते वर गेलं, वळून पुन्हा आलं. लोक आणखी जोरानं हात हलवू लागले. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मागे धूर दिसला, असं सांगतात. मग ते एकदम खाडीकडं वळलं. धमाका इथवर ऐकू आला. वर केलेले हात तसेच वर राहिले.

काय झालं ते कुणालाच उमजेना. तेरावं झाल्यावर हवाई दलाचे एक साहेब भेटायला आले. सडा बघून ते चक्रावलेच.

"अहो, एवढी सपाट जागा सोडून तो पाण्यात का गेला? इथं उतरला असता तर वाचला असता!"

सगुणाबाईच म्हणाल्या, "हितं आमी हुभे हुतो."

पोराला ओवाळायला म्हणून गेलो आणि त्याचीच वाट अडवून उभे राहिलो. त्यानं तीनदा जागा मागितली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या!

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई टोपली घेऊन सड्यावर गेल्या आणि दगड वेचून कडेला टाकू लागल्या. कुणी बोलावलं नाही, पण उन्हं उतरेपर्यंत सगळं गाव दगड वेचत होतं, म्हणे. कडेला तो गडगा दिसतोय ना, तो त्याच दगडांचा. दर साली पाऊस सरला की आम्ही सडा वेचून साफ करतो.

आजही विमानाचा आवाज आला की सड्यावरचा माणूस हातातलं टाकून गडग्यापलीकडं धावतो. विमानं आता फार उंचावरून जातात, त्यांना इथं उतरायचं नसतं, एवढं आम्हालाही कळतं. तरी पोफळवण्यात विमानाला कुणी हात करत नाही.

ऐकू येतंय ना? चला, आधी कडेला व्हा.