सेनापतीची शाळा आणि भिंगरी घोडी

फार फार पूर्वी एका डोंगरी राज्यात एक सेनापती होता. केस पिकले तेव्हा त्याने तलवार राजाच्या पायाशी ठेवली. राजा म्हणाला, "आता आमच्या तरुणांना नीती शिकवा."

"महाराज, मला दोनच हुकूम येतात. पुढे चला आणि मागे फिरा."

राजा हसला. "आमच्या पोरांना तेवढंही येत नाही, सेनापती!"

गडाच्या पायथ्याशी शाळा भरू लागली. सेनापतीने फौजेतला जुना नियम तिथेही लावला. एक चुकला, की सगळी रांग दिवसभर उन्हात उभी. लढाईत एकाच्या डुलकीने सगळे मरतात, म्हणून तो नियम होता. शाळेतही थोड्याच दिवसांत चुका दिसेनाशा झाल्या. सेनापतीला वाटले, पोरे सुधारली.

त्याची भिंगरी नावाची म्हातारी घोडी होती. एकदा घायाळ सेनापतीला पाठीवर घेऊन तिने भर लढाईतून सुखरूप बाहेर काढले होते. एका सकाळी ती घामाने निथळत जमिनीवर लोळू लागली.

घोड्यांचा वैद्य धावत आला. "हिने काय खाल्लंय? उन्हाचा त्रास असेल तर पाणी पाजायला हवं. पण पोटात दाणा असेल, तर पाण्याने तो फुगेल आणि घोडी जाईल. लवकर सांगा!"

सेनापती गरजला, "तबेल्यात कोण गेलं होतं?"

"ठाऊक नाही, सरकार!" सगळी रांग एका सुरात म्हणाली.

शेवटच्या तरुणाचे डोळे मात्र भरून आले होते. सेनापती त्याच्याजवळ गेला. "बोल, बाळ."

"कसं बोलू, सरकार? मी तोंड उघडलं तर हे सगळे उन्हात उभे राहतील."

आता सेनापतीला उमगले. पोरे सुधारली नव्हती. एकमेकांना वाचवायला खोटे बोलू लागली होती, आणि ते त्यानेच शिकवले होते.

तो तिथेच, घोडीच्या शेजारी, खाली बसला. "तो नियम मी आत्ता मोडीत काढला. उन्हात उभं राहायचंच तर मी राहीन. पण माझी भिंगरी वाचवा रे!"

"मी तिला पाटीभर नवी ज्वारी घातली, सरकार. ती लाडाने मान घासत होती," तो तरुण म्हणाला.

"पाटी मी आणली," दुसरा म्हणाला.

"आणि मी दारात पहारा दिला!" तिसरा म्हणाला.

तशातही सेनापतीला हसू फुटले. "पहारा तरी चोख दिलास!"

वैद्याने पाण्याची बादली दूर सारली आणि घोडीला तेल पाजले. मग सगळ्यांनी पाळीपाळीने तिला फिरवले. भर उन्हात पहिली पाळी सेनापतीची होती. दिवस कलता कलता भिंगरीने लीद टाकली, तिचे पोट मोकळे झाले, आणि लढाई जिंकल्यासारखी सगळी शाळा नाचली.

सेनापतीने पोरांपुढे हात जोडले. "हिने माझा जीव वाचवला होता, तुम्ही हिचा वाचवलात. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

पुढे हेच तरुण किल्लेदार झाले. त्यांच्या किल्ल्यांच्या तटाला भेग पडली, की पहारेकरी ती न लपवता त्याच दिवशी येऊन सांगत. म्हणून ते किल्ले कधी पडले नाहीत.

तात्पर्य : लोकांनी खरे बोलावे असे वाटत असेल, तर आधी त्यांच्या मनातली आपली भीती काढून टाकावी.