सोणाची झाकलेली जखम

वेत्रवती नदीच्या काठी एक नगर होते. तिथे सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्माला आले. त्यांचे नाव सुघोष. तक्षशिलेला सात वर्षे राहून ते शल्यविद्या शिकले आणि वडिलांच्या मागे त्यांचीच गादी चालवू लागले. मोडलेले हाड ते असे बसवीत की पुढे त्या माणसाला आपला कोणता हात मोडला होता तेही आठवून सांगावे लागे.

त्यांच्या घराचे दार दिवसभर उघडे असे. आलेल्याला परत पाठवायचे नाही, हा वडिलांचा नेम त्यांनी मोडला नव्हता. शिवाय त्यांचा स्वतःचाही एक नेम होता. रोग्याकडे आपल्या तोंडाने मोबदला मागायचा नाही. ते काम त्यांच्या पत्नीचा भाऊ नंदिल बघे. नंदिल ओसरीवर बसे. सुघोष आत जखम शिवीत, हात धूत आणि मागच्या बागेत जात. ओसरीवर काय बोलणे होते ते त्यांनी कधी ऐकले नव्हते. लोक म्हणत, "काय निर्लोभी माणूस! पैशाला शिवत नाही." हे बोल कानांवर आले की सुघोषांना बरे वाटे.

एका वर्षी राजाने नदीला दगडी घाट बांधायला घेतला. पाथरवट दगड घडवीत होते, वाळूवाले गाढवांवरून वाळू आणीत होते. एका सकाळी दोरखंड तुटला आणि वर चढवलेली शिळा घरंगळत खाली आली. तिच्याखाली दोघे सापडले. एक शिलाद नावाचा पाथरवट, दुसरा रोहक नावाचा वाळूवाला. दोघांनाही एकाच बैलगाडीत घालून सुघोषांच्या घरी आणले. शिलादाची नडगी मोडली होती. रोहकाची मांडी फाटली होती आणि गाडीच्या फळ्यांमधून रक्त रस्त्यावर ठिबकत होते. म्हणून सुघोषांनी रोहकाला आधी घेतले.

रोहकाची बायको सोणा गाडीमागून धावत आली होती. तिचे हात कोपरापर्यंत ओल्या वाळूने माखलेले होते. दाराची चौकट धरून तिने विचारले, "वैद्यराज, किती लागतील?"

सुघोष जखमेत बोटे घालून शीर दाबून धरत होते. मान वर न करता ते म्हणाले, "बाई, आत्ता ते विचारू नका. आधी माणूस वाचू दे."

हे ते मनापासून बोलले होते. सोणाचा जीव भांड्यात पडला. या घरात पैशाचे काही नाही, असे तिला वाटले.

दोघेही वाचले. चाळीस दिवस ते शेजारी शेजारी पडून होते. दोघांना तूप-मध एकच, पट्ट्या बांधणारा हातही एकच. घरी जायची वेळ आली तेव्हा मात्र फरक पडला. शिलाद पाथरवटांच्या श्रेणीतला होता. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. दर पौर्णिमेला प्रत्येक पाथरवट श्रेणीच्या पेटीत एक नाणे टाकी, आणि कोणाला दुखापत झाली की खर्च त्या पेटीतून होई. श्रेणीच्या मुख्याने नंदिलाशी घासाघीस करून दरही बांधून घेतला होता. शिलादासाठी पेटीतून बारा कार्षापणे आली. पाहुणचार घेऊन निघावे तसा तो हसत घरी गेला.

वाळूवाल्यांची श्रेणी नव्हती. वाळू वाहणे ही काही विद्या नव्हे, असे सगळे म्हणत. त्यांच्या वतीने घासाघीस करायलाही कोणी नव्हते. नंदिलाने सोणाला तीस कार्षापणे सांगितली.

"पण वैद्यराज तर म्हणाले, विचारू नका," सोणा म्हणाली.

"ते सगळ्यांना तसंच म्हणतात," नंदिल म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. "बाई, औषध काही आभाळातून पडत नाही."

सोणाकडे दोन गाढवे होती. घर त्यांच्यावरच चालत होते. तिने आधी एक विकले आणि पंधरा दिवसांनी दुसरे. दुसऱ्याला नेताना रोहक दाराशी बसून होता. तो म्हणाला, "अगं, मग मला वाचवून काय साधलंस?" दुसऱ्या दिवसापासून सोणा डोक्यावर पाटी घेऊन वाळू वाहू लागली. यातले काही सुघोषांना ठाऊक नव्हते. ते बागेत असत.

सहा महिने गेले. घाटाचे काम सरत आले. एके दिवशी सुघोष नदीवरून जात असताना शिलादाने हाक मारली. तो चांगला चालत होता. वाकून नमस्कार करून त्याने आपला पाय दाखवला.

"आणि तो दुसरा? रोहक?" सुघोषांनी विचारले.

शिलाद जरा घुटमळला. मग म्हणाला, "लंगडतो. काम होत नाही. गाढवं तर तुमच्याकडंच गेली."

"माझ्याकडे? मी गाढवे घेऊन काय करू?"

"म्हणजे पैसे भरायला विकली, महाराज. आता बाईच वाळू वाहते. परवा तिच्या पायात काहीतरी गेलं म्हणे, तरी आज कामावर आहे. ती बघा."

सुघोषांनी पाहिले. नदीच्या पात्रातून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन टाच न टेकवता चालत होती. आत्ताच जाऊन पाय बघावा, असे मनात आले. तेवढ्यात राजवाड्यातला सेवक धावत आला. राणीला ज्वर चढला होता, रथ उभा होता. सुघोष रथात बसले. बसताना त्यांनी मनाशी म्हटले, उद्या बघू.

राणीच्या ज्वरात नऊ दिवस गेले. राणी बरी झाली. राजाने सुघोषांच्या गळ्यात हार घातला, एका गावाचे उत्पन्न त्यांना लावून दिले आणि राजवैद्य होऊन वाड्यातच राहावे असे सुचवले. सुघोष विचार करून सांगतो म्हणाले आणि घरी आले. रथातून उतरताना त्यांना समोर, रस्त्याच्या पलीकडे, काठीवर भार देऊन उभा असलेला रोहक दिसला.

"अरे, आत ये ना," सुघोष म्हणाले.

"आत नको," रोहक म्हणाला. त्याने ओसरीकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "तिला कळायला नको मी इथं आलो ते. तिनं शपथ घातलीय. पण तिचं तोंडच उघडत नाही, वैद्यराज. पेजसुद्धा आत जात नाही. सकाळपासून पाठ अशी वाकडी होतेय." त्याने हाताने कमान करून दाखवली.

सुघोषांनी ती कमान पाहिली आणि धनुर्वात ओळखला. हार तसाच गळ्यात घेऊन ते रोहकाबरोबर चालू लागले.

झोपडी नदीच्या अंगाला होती. सोणा चटईवर पडली होती. कोणी आल्याचा आवाज होताच तिचे सगळे अंग ताणले गेले आणि धनुष्यासारखे वर उचलले गेले. झटका ओसरल्यावर सुघोषांनी तिच्या पायाचे फडके सोडले. आत राख आणि एरंडाचे पान होते. त्याखाली टाचेत बोटाच्या पेराएवढी जखम होती. वरून ती मिटली होती, आतून काळी पडली होती. आत दगड घडवायच्या छिन्नीचा तुकडा रुतून बसला होता. पहिल्या दिवशी कोणी जखम उघडून धुतली असती, तर सोणा चार दिवसांत धड चालू लागली असती.

"बाई," सुघोष म्हणाले, "हे लागलं त्याच दिवशी का आला नाहीत? माझं दार उघडं होतं."

सोणाचे दात घट्ट मिटलेले होते. त्यांच्या फटीतून तिचे शब्द एकेक करून बाहेर आले. "दार उघडं होतं... पण विकायला... काय उरलं होतं?"

मग थोड्या वेळाने तिने नवऱ्याकडे पाहिले. "ह्यांनी... बोलावलं?"

"नाही, मीच आलो," सुघोष म्हणाले. आयुष्यात ते क्वचितच खोटे बोलले होते.

धनुर्वात एकदा चढला की वैद्याच्या हातात फार थोडे उरते. सुघोषांनी टाच कापून लोखंड काढले, जखम धुतली, झोपडीच्या फटी बुजवून अंधार केला आणि अंगाला कोमट तेल लावीत बसले. वाड्यावरून दोनदा बोलावणे आले. ते गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी ऐन दुपारी सोणाचा श्वास अडकला आणि पुन्हा सुरू झाला नाही.

रोहक रडला नाही. पाय पसरून बसला होता, तो बराच वेळ आपल्या मांडीवरचा व्रण बघत राहिला. मग म्हणाला, "शिवण छान झालीय, वैद्यराज. मी रोज बघतो. हिच्यापायी तिचा जीव गेला."

बारा दिवसांपूर्वी ती टाच न टेकवता चालत होती आणि आपण ते पाहिले होते, हे सुघोषांनी रोहकाला सांगितले. लपवून ठेवण्यासारखे ते राहिलेच नव्हते. रोहकाने ऐकून घेतले आणि तोंड फिरवले.

घरी आल्यावर सुघोष पहिल्यांदाच ओसरीवर नंदिलाशेजारी बसले. नंदिलाने सगळे ऐकले. तो घाबरला, मग चिडला.

"दाजी, मी एक नाणं खाल्लं असेल तर हात झडून जाईल माझा. रोज चार घडे तूप लागतं. मध डोंगरातून येतो. पट्ट्यांचं कापड, मदतीला येणाऱ्यांची मजुरी... हे कुठून येतं, तुम्ही एकदा तरी विचारलंत? श्रेण्यांनी दर पाडून घेतला, त्याची तूट ज्यांना कोणी नाही त्यांच्याकडून काढावी लागते. मी नाही काढली तर दार बंद करावं लागेल."

"खरं आहे," सुघोष म्हणाले. "दोष तुझा नाही. मागण्याचं काम तुझ्यावर टाकलं आणि निर्लोभी म्हणून नाव मी मिळवलं. मी कधी मागितलं नाही, पण माझ्या नावाने मागितलं जात होतं."

दुसऱ्या दिवशी ते राजाकडे गेले आणि राजवैद्याचे पद नाकारले. गावाचे उत्पन्न मात्र ठेवून घेतले, पण स्वतःसाठी नाही. ज्याला श्रेणी नाही असा कोणीही दुखापत घेऊन आला तर त्याचा खर्च त्यातून व्हावा, त्याच्याकडे आधीही मागू नये आणि नंतरही मागू नये, असा लेख त्यांनी राजमुद्रेखाली करून घेतला. मग ते पाथरवटांच्या सभेत गेले. वाळूवाल्यांना तुमच्या पेटीत सामील करून घ्या, म्हणाले. श्रेणीचा मुख्य हसला. "वैद्यराज, उद्या गुराखीही येतील." तेव्हा मागून शिलाद उठला. तो बोलण्यात हुशार नव्हता. एवढेच म्हणाला, "शिळा पडताना तिनं आमची श्रेणी विचारली नव्हती." शेवटी घाटावर काम करणाऱ्या प्रत्येकाला पेटीत जागा मिळाली. गुराख्यांना त्या वर्षी मिळाली नाही.

सुघोषांनी दोन गाढवे घेऊन रोहकाच्या दाराशी बांधली. रोहकाने ती सोडली नाहीत आणि आभारही मानले नाहीत. सुघोषही आभारांसाठी थांबले नाहीत.

त्यानंतर रोज सकाळी दार उघडण्यापूर्वी सुघोष स्वतः नदीकाठच्या वस्त्यांमधून फिरत. कोण लंगडतो, कोण हात पदराखाली झाकतो, ते बघत. "माई, दाखव बरं तो हात," म्हणून तिथेच बसत. पैसे लागत नाहीत, हे ते शंभरदा सांगत. लोक मान डोलवीत आणि जखम झाकून ठेवीत. वाळूवाल्यांच्या वस्तीतून लागल्या दिवशीच कोणी आपणहून दाराशी येण्याला सात वर्षे लागली. त्या सात वर्षांत आणखी चौघे उशिरा आले आणि गेले. सुघोष म्हातारे होऊन वारले तोवर त्यांनी अगणित माणसे बरी केली. पण आपल्या हातचे काम कसे झाले असे कोणी विचारले, तर ते मांडीवरच्या शिवणीची गोष्ट कधी सांगत नसत. टाचेची सांगत.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा भिक्षूंना सांगितली. मग म्हणाले, "तेव्हाचा नंदिल हा आज संघाचे भांडार सांभाळणारा सुमंगल. कोणी मागण्याआधी तो आता भिक्षूंना चीवराचे वस्त्र देतो. शिलाद म्हणजे उपासक वप्पक. रोहक म्हणजे मागे भिंतीला टेकून बसलेला वृद्ध भिक्षू. सोणा म्हणजे आजारी भिक्षूंसाठी पेज आणणारी उपासिका मट्टा. आणि वैद्य सुघोष मी स्वतः होतो."

"भगवान, त्या जन्मी आपण करुणा पूर्ण केलीत," एक भिक्षू म्हणाला.

"करुणा माझ्याकडे आधीपासून होती," शास्ते म्हणाले. "ती दाराशी बसून वाट बघत होती, आणि दाराशी यायला ज्यांना भीती वाटे त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. मी सोणाला चालताना पाहिले आणि उद्या म्हटले. जे उणे होते त्याचे नाव अप्रमाद, जागे राहणे. तो गुण मी त्या जन्मी शिकलो, पण शिकवणारी तोवर गेली होती."