काजळ न लावलेले पान

पूर्वी शूर्पारक बंदरात वसुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व ताडपत्रे कोरणाऱ्या लेखकांच्या कुळात जन्माला आला होता. त्या जन्मी त्याचे नाव नंदिक होते. ताडाची पाने उकळावी, सावलीत वाळवावी, शंखाने घोटावी आणि लोखंडी कोरणीने त्यांवर अक्षरे कोरावी, हे त्याच्या घरचे काम. नुसते कोरलेले अक्षर डोळ्याला दिसत नाही. पानावर तेलात कालवलेले काजळ फासून पुसून काढले, म्हणजे काजळ रेघेत राहते आणि अक्षर उघडे होते.

त्याच बंदरात लवणिका नावाची एक म्हातारी जाळी विणून पोट भरत असे. तिचा नवरा समुद्रावर गेला तो परतला नव्हता. मूलबाळ नव्हते. बहीण वारल्यावर तिची मुलगी सामिका लवणिकेनेच वाढवली आणि वयात आल्यावर पलीकडच्या एका बेटावर दिली. ते बेट असे दूर, की गलबत एका वाऱ्याने जायचे आणि दुसऱ्या वाऱ्याने यायचे. मध्ये वर्ष निघून जायचे.

एके वर्षी खलाशाबरोबर सामिकेचा निरोप आला. तिला मुलगी झाली होती.

"आणखी काय म्हणाली?" लवणिकेने विचारले.

"म्हणाली, मावशीला सांग, कासवीची गोष्ट पाठव. आणखीही काही म्हणाली होती, पण मध्ये वादळ लागले, मावशी. सगळे धुऊन गेले बघ डोक्यातून."

कासवीची गोष्ट लवणिकेला तिच्या आईने सांगितली होती. तीच सांगून तिने सामिकेला लहानाची मोठी केली. सामिका मात्र रोज अर्ध्यावर झोपून जायची. शेवट तिने कधी ऐकलाच नाही, असे लवणिका पुष्कळदा हसून सांगे.

तिने खलाशाला समोर बसवून गोष्ट सांगितली. त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतली. पुढच्या वर्षी गलबत परत आले तेव्हा तिने आधी त्यालाच गाठले.

"सांगितलीस?"

"सांगितली की! अशी रंगली म्हणतेस! देवमाशाच्या लग्नात सगळे बेट हसत होते."

"देवमासा कुठून आला रे, मेल्या? आणि लग्न कोणाचे?"

"कासवात काय मजा आहे, मावशी? म्हणून जरा मोठे जनावर घेतले."

लवणिका त्याच्यावर रागावली, पण तिला खरी धास्ती निराळीच होती. अलीकडे गोष्ट तिच्याही हातून सुटत चालली होती. कधी वाऱ्याचे बोलणे आठवेना, कधी पक्ष्याचे. आपण विसरलो तर ही गोष्ट जगात कोणालाच ठाऊक राहणार नाही, हे तिला कळत होते.

ती नंदिकाच्या दारात गेली. "लेकरा, माझी एक गोष्ट पानावर घाल."

"घालतो, मावशी. सांग."

लवणिकेने तोंड उघडले आणि ती तशीच बसून राहिली. एक शब्द आठवेना. ती वरमून म्हणाली, "जाळे विणताना सगळे येते रे. इथे येऊन बसले की पळून जाते."

नंदिकाने थोडा विचार केला. "मग जाळे विणतेस तिथेच लिही. मी तुला अक्षरे शिकवतो."

लवणिका हसली. "मला? तुमची लेखकांची श्रेणी तुला उभा जाळील."

हे खोटे नव्हते. अक्षर कुळाबाहेर द्यायचे नाही, हा श्रेणीचा, म्हणजे लेखकांच्या संघाचा, जुना नियम होता. श्रेणीचा प्रमुख आर्यघोष म्हातारा झाला होता. चार महिन्यांनंतरच्या पौर्णिमेला आपली जागा नंदिकाला द्यायची, असे त्याने ठरवलेही होते. नंदिकाला ते ठाऊक होते. तरी दुसऱ्या दिवशी तो पाने घेऊन जाळी विणायच्या मांडवात जाऊन बसला.

आठ दिवस गेले. लवणिकेला एकही अक्षर येईना. तिच्या डोळ्यांवर पडदा आला होता. काजळाची अक्षरे तिला पानावर बसलेल्या माश्यांसारखी दिसत. "राहू दे, लेकरा," ती म्हणाली. "तुझे भले होवो. माझी वेळ गेली."

नवव्या दिवशी नंदिक घाईत होता. काजळ लावायचे राहिले आणि तो कोरी दिसणारी पाने तशीच घेऊन आला. चूक ध्यानात येऊन तो पान परत घेणार, तोच लवणिकेने ते हातात धरले आणि अंगठा पानावरून फिरवला. जाळ्याची गाठ नीट बसली की नाही, हे ती अशीच बघत असे.

"हे काय रे? इथे एक वळसा आहे. इथे उभी दोरी आणि शेवटी आकडा."

नंदिक तिच्या बोटाकडे बघत राहिला. "मावशी, ते 'क' आहे."

"एवढेच होय? मग इतके दिवस काळे फासून कशाला लपवत होतास?"

त्या दिवसापासून नंदिकाने काजळ आणले नाही. पन्नास वर्षे गाठी ओळखणाऱ्या बोटांना अक्षरे ओळखायला दोन महिने पुरले. मांडवातल्या इतर बायका आधी थट्टा करीत होत्या. मग त्या जवळ सरकल्या. पुढे खलाशीही येऊ लागले. बेटाकडे जाणाऱ्या गलबताचा सुकाणूवाला दासक, त्याला तर नंदिकाने मुद्दाम बोलावून शिकवले. पान तिकडे पोचल्यावर कोणी शिकवणारा नको का?

ती पौर्णिमा यायच्या आधीच आर्यघोष मांडवात आला. "नंदिका, हे थांबव. अक्षर ज्याच्या त्याच्या हाती गेले, तर खोटे लेख होतील, खोटी वचने होतील. आपल्या वाडवडिलांनी ते जपून ठेवले ते उगीच नाही."

नंदिक नम्रपणे म्हणाला, "आर्य, या बाईची गोष्ट मरायला टेकली आहे. ती वाचेल एवढेच मी बघतो आहे."

"एका कासवाच्या गोष्टीसाठी माझी जागा सोडतोस?"

"हो, आर्य."

आर्यघोषाने त्याची कोरणी काढून घेतली आणि त्याला श्रेणीतून बाहेर केले. नंदिक रिकाम्या हाताने बसलेला पाहून लवणिकेने जाळे विणायची आपली हाडाची सुई त्याच्यापुढे धरली. "हिचे टोक बघ चालते का." टोक चालले.

त्याच सुईने लवणिकेने आपली गोष्ट कोरली. जाळे विणता विणता एखादे वाक्य आठवले की ती पान ओढून घेई. कासवी वाळूत अंडी पुरून समुद्राकडे निघते. तिला घोर पडतो, की माझ्या पिलांना पाण्याची वाट कोण सांगणार? ती वाऱ्याला विचारते. वारा म्हणतो, मी आज इथे, उद्या दुसरीकडे. ती पक्ष्याला विचारते. पक्षी म्हणतो, मला नको सांगूस, मला भूक लागते. मग ती वाळूला विचारते.

इथवर आल्यावर लवणिकेची सुई थांबली. वाळू काय म्हणाली, ते तिला आठवेना. ती आठवडाभर जाळे विणत बसली. गलबत सुटायचा दिवस आला, तरी आठवले नाही.

"गेला शेवट," ती नंदिकाला म्हणाली. "पोरीने तो ऐकला नव्हता आणि आता मीही हरवला."

"जेवढी आहे तेवढी पाठवू," नंदिक म्हणाला. "पुढचे पान रिकामे ठेवू."

दासकाने पाने घेतली. निघताना लवणिकेने त्याला बजावले, "उत्तराचे पान येईल त्याला काजळ लावू देऊ नकोस. रेघ बुजते. मग मला वाचता येत नाही."

वर्ष गेले. मांडवात शिकणाऱ्यांची संख्या वाढली, तशी श्रेणीने राजाकडे तक्रार नेली. ज्या दिवशी राजाने सर्वांना बोलावले, त्याच दिवशी सकाळी गलबत बंदराला लागले. दासकाने लवणिकेसाठी आणलेले पान बंदरावरच्या शिपायांनी दरबारात आणून दिले.

आर्यघोषाने ते उजेडात धरले आणि उलटसुलट करून पाहिले. "महाराज, बघा. कोरे पान! वर्षभर समुद्र ओलांडून कोरे पान आले. आंधळी म्हातारी लिहिते काय, वाचते काय, सगळे थोतांड आहे."

"द्या इकडे," लवणिका म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

तिने पान मांडीवर घेतले. बोट डावीकडून उजवीकडे सरकू लागले आणि ती सावकाश वाचू लागली.

"मावशी, तुझी सामिका. मी झोपत नव्हते. डोळे मिटले की तू हळू आवाजात सांगायचीस, ते मला आवडायचे, म्हणून मिटून घ्यायची. शेवट मला येत होता, सुरुवात विसरले होते. म्हणून तर गोष्ट मागवली. खलाशाला तसे सांगितलेही होते."

लवणिका थांबली. तिने डोळे पुसले आणि बोट पुन्हा पानावर ठेवले.

"वाळू कासवीला म्हणाली, मला चालता येत नाही आणि बोलताही येत नाही. पण तू पाण्याकडे जाशील तेव्हा तुझ्या पोटाची रेघ माझ्यावर उमटेल. ती मी ठेवीन. पिले तिच्यावरून येतील. कासवी म्हणाली, आणि लाटेने ती पुसली तर?"

इथे तिचे बोट थबकले. बोटाला पुढचे आधीच लागले होते आणि ती तेच पुन्हा पुन्हा चाचपत होती. वाट बघून बघून आर्यघोषच पुढे झुकला.

"अगं, मग वाळू काय म्हणाली?"

राजा मोठ्याने हसला. आर्यघोष गोरामोरा झाला. पण मागे सरला नाही.

लवणिकेने वाचले, "वाळू म्हणाली, पुसेलही. म्हणून तुझ्या शेजारणीला सांग, तिच्या शेजारणीला सांग. सगळ्याजणी रेघा ओढा. एकीची पुसली तर दुसरीची राहील."

पान संपत आले होते. "मावशी, इथल्या घाटावर दुसऱ्या देशाची एक बाई आहे. तिच्या आईच्या गोष्टीत कासवीऐवजी खेकडी आहे, बाकी सगळे हेच. आम्ही दोघी मिळून इथल्या मुलांना अक्षरे शिकवतो. तिची गोष्ट पुढच्या वाऱ्याने पाठवते."

राजा म्हणाला, "आर्यघोषा, तक्रार तुझी होती. आता तूच सांग, काय करू?"

म्हाताऱ्याने कमरेची एक कोरणी काढली. ती नंदिकाचीच होती. ती त्याच्या हातात ठेवून तो पुटपुटला, "वर्षभर पडून होती. धार लावून घे." आणि लवणिकेकडे वळून म्हणाला, "बाई, ती खेकडीची गोष्ट आली, की मला निरोप पाठवा."

राजाने दवंडी पिटवली, की शूर्पारकात ज्याला अक्षर शिकायचे असेल त्याला कोणी अडवू नये. नंदिक श्रेणीचा प्रमुख झाला नाही. तो जन्मभर मांडवातच बसला. त्या बंदरातून सुटणाऱ्या प्रत्येक गलबतावर मिरी आणि कापडाबरोबर गोष्टींची चार पाने असत, आणि परत येणारी गलबतेही रिकामी येत नसत.

जेतवन विहारात एक विद्वान भिक्षू आपल्याला पाठ असलेली सूत्रे नव्या भिक्षूंना शिकवायला नाखूश होता. त्याला जवळ बसवून शास्त्या भगवंतांनी ही पूर्वीची हकीकत सांगितली आणि म्हटले, "तेव्हाचा आर्यघोष तूच होतास. म्हणून मला तुझी काळजी वाटत नाही, पुढे काय झाले ते तू तेव्हाही विचारलेसच. राजा वसुषेण म्हणजे आपल्या विहाराला आंबराई देणारा तो उपासक. दासक म्हणजे दूरदेशी उपदेशाला गेलेला तुझाच गुरुबंधू. सामिका म्हणजे ही दारात उभी असलेली तरुण भिक्षुणी आणि लवणिका म्हणजे तिचा हात धरून चालणारी ती वृद्ध भिक्षुणी. नंदिक मी होतो. त्या जन्मी मी दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता, आचरली. माझ्यापाशी द्यायला अक्षर होते, ते मी दिले."

तो भिक्षू उठला, नव्या भिक्षूंपाशी जाऊन बसला आणि त्याने पहिले सूत्र म्हणायला सुरुवात केली.