येते हं

यंत्रमाणसं खोक्यातून सुटी सुटी यायची आणि हौशी माणसं ती घरी जोडत बसायची, त्या काळातली ही गोष्ट. कुमुदताईंनी असाच एक स्वस्तातला, टीचभर रोबो जोडला आणि त्याचं नाव ठेंगू ठेवलं.

घराबाहेर पडताना ताई त्याला म्हणायच्या, "येते हं." येते म्हणाल्या म्हणजे आता येतीलच, असं समजून ठेंगू डोळ्यांतले दिवे लावून दाराशी उभा राहायचा. ताई संध्याकाळी यायच्या. तोवर त्याची बॅटरी संपलेली असायची.

हत्यारांच्या पेटीतली म्हातारी पक्कड एकदा वैतागली. "अरे वेड्या, येते म्हणजे जाते!"

"मग जाते का नाही म्हणत?"

"तसं म्हणायचं नसतं. ज्याला परत यायचं असतं, तो येतो म्हणतो."

"मग मी वाट बघतो ते बरोबरच आहे की," ठेंगू म्हणाला.

पुढे घरात बोलका स्पीकर आला. ताई "येते हं" त्याला सांगू लागल्या आणि ठेंगू कपाटावर गेला. तिथूनही त्याला दार दिसायचं. शेवटी ताईंनी तो एका शाळेच्या मास्तरांना देऊन टाकला. मास्तरांनी पिशवीत ठेवताच त्याचे दिवे लागले.

"निघालास?" ताईंनी सहज विचारलं.

"येतो हं," ठेंगू म्हणाला.

मास्तर कोपऱ्यावरून वळून दिसेनासे झाले. स्पीकरने दोनदा विचारलं, "दार लावू?"

ताई उंबऱ्यातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "थांब जरा. येतो म्हणालाय तो."