उसाशेजारची विहीर

पाटाचं पाणी शिवारात नवं नवं आलं, त्या काळची गोष्ट. कोंडाजीच्या उसाशेजारी गोड पाण्याची विहीर होती. कोंडाजी उसाला भरमसाट युरिया टाकी, वर पाणी सोडी. न पचलेलं खत पाझरून विहिरीत उतरे.

"बाबा रे, पुरे म्हण की!" विहीर उसाला म्हणाली. "कोंडाजीच्या घरात सुनेचं तान्हं बाळ आहे. त्याचं पावडरचं दूध माझ्याच पाण्यात कालवतात."

"देणारा देतोय, मी का नको म्हणू?" ऊस डोलला.

सुनेने पोहरा सोडला की विहिरीचा जीव तुटे, पण पाणी राखून ठेवणं तिच्या हाती नव्हतं.

एके दिवशी बाळ निळं पडलं आणि गेलं.

"विहीरच अवदसा!" म्हणत कोंडाजीने ती बुजवली आणि त्या जागीही ऊसच लावला.