फुटका दमाम

सज्जनहो, घाटमाथ्यावरच्या सावरकोंड गावी शांतवनबाबा पाद्री होते, तेव्हाची ही गोष्ट. तिथलं प्रार्थनामंदिर केवढं? चार माणसं जास्त आली तर पाद्रीबाबांनाच बाहेर उभं राहावं लागेल एवढं! पण बाबांचं मन ऐसपैस. रविवारची उपासना झाली, की ते रानातल्या सिद्दीपाड्यावर जात आणि तिथेच जेवत. सिद्दी म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना फार पूर्वी जहाजांत घालून आफ्रिकेतून आणलं, ती माणसं. इथेच जन्मलेली, इथलीच बोली बोलणारी. पण काळा रंग आणि कुरळे केस पाहून गाव त्यांना परकंच समजे. बाबा म्हणत, ‘‘त्यांना देवाच्या घरी बोलवायचं, तर आधी आपण त्यांच्या घरी जेवायला हवं.’’

गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच एलिया भिंगारे यांना हे मुळीच पटत नसे. पण रागापेक्षा कुतूहलच त्यांना जास्त छळी. बाबा तिथे खातात तरी काय? बोलतात काय? आणि परतताना लग्नाहून आल्यासारखे खुशीत का असतात?

नव्या पिकाच्या उपकारस्तुतीचा रविवार आला. म्हातारा मिंगेल सिद्दी आपला वाडवडिलांचा ढोल, दमाम, घेऊन प्रार्थनामंदिराच्या दारात उभा राहिला. एलियांनी वाट अडवली.

‘‘हे रानात बडवा! देव काय बहिरा आहे?’’

‘‘बाबांनीच बोलावलंय, पंच. देवाला आमचंबी गाणं ऐकवायचं हाय.’’

एलियांनी त्याला ढकललं. दमाम पायरीवर आपटला आणि कातडं टर्रकन फाटलं. दोघं-चौघं हसली. मिंगेलनं ढोलाची धूळ पुसली आणि दाराबाहेरच गुडघे टेकून प्रार्थना केली.

उपासनेनंतर बाबांनी फुटका दमाम स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि मिंगेलबरोबर चालू लागले. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं! एलियांना राहवेना. आज काय ते पाहूनच घेऊ, म्हणून तेही लपतछपत मागे निघाले.

रानात शिरतात न शिरतात तोच धुकं उतरलं. भरदुपारी हाताला हात दिसेना. पाय घसरला आणि एक धोंडा गडगडत खाली गेला. तो तळाला आपटल्याचा आवाज किती तरी वेळानं आला. एलिया दरीच्या काठावर होते! एक मूळ घट्ट धरून ते ओरडले, ‘‘बाबा! मिंगेलदादा!’’ आजवर ‘ए सिद्द्या’ याखेरीज दुसरी हाक त्यांच्या तोंडून निघाली नव्हती.

तेवढ्यात दमामाचा आवाज आला. खोल, भरदार. आवाज जिकडून येईल तिकडे ते हातापायांवर सरकत राहिले, आणि धुक्यातून एका झोपडीचं दार पुढे आलं.

आत पानं वाढलेली होती. बाबांच्या शेजारी एक पान रिकामंच होतं.

‘‘या पंच,’’ बाबा म्हणाले. ‘‘तुमच्यासाठीच थांबलोय.’’

‘‘दमाम कोण वाजवत होतं?’’ एलियांना धाप लागली होती.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मिंगेल म्हणाला, ‘‘कुणीच न्हाई. त्यो फुटलाय न्हवं?’’

दमाम खुंटीवर होता, कातडं लोंबतं. एलियांनी भीतभीत हात लावला, आणि काय सांगावं! फाटलेलं कातडं अजून थरथरत होतं.

प्रभूची करणी पाहून एलियांचा सारा ताठा गळून पडला. रडत रडत त्यांनी बाबांचे पाय धरले. बाबांनी हळूच पाय मागे घेतले.

‘‘इथे नाही, एलिया.’’

एलिया वळले आणि मिंगेलच्या भेगाळ पावलांवर त्यांनी डोकं ठेवलं. म्हातारा बावरून गेला. आपल्या पायाशी कधी कोणी वाकेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. दोन्ही हातांनी त्यानं पंचांना उठवलं.

‘‘उठा, पंच,’’ तो म्हणाला. ‘‘भात निवतोय.’’